हेडस्टॉकवर नाव कुणाचं?

जळगावच्या सराफ बाजारात दागिना हातात आला की माणूस तो आधी उलटा करतो आणि शिक्का बघतो. बावीस कॅरेट सोनं या पेढीनं घडवलं काय किंवा त्या पेढीनं घडवलं काय, सोन्याच्या गुणात फरक पडत नाही. पण एकीनं दुसरीचा शिक्का मारला, तर आतलं सोनं चोख असूनही व्यवहार खोटा ठरतो. प्रतिकृती म्हणून बनवलेल्या महागड्या इलेक्ट्रिक गिटारींचा सगळा व्यवहार याच रेघेवर उभा आहे. जपानच्या तोकाई कंपनीनं अमेरिकेच्या गिब्सन कंपनीच्या ‘लेस पॉल’ या मॉडेलच्या घाटाची गिटार बनवून हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या बसवलेल्या टोकाच्या फळीवर, ‘तोकाई’ लिहिलं, ती प्रतिकृती. कुठल्याशा निनावी कारखान्यानं तशीच गिटार करून तिच्यावर ‘गिब्सन’ लिहिलं, ती बनावट, मग लाकूड कितीही चांगलं असो. आपल्याकडे दोन्हींना सरसकट ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून एकाच भावात तोलतात आणि त्यात काही उत्तम वाद्यांवर अन्याय होतो.

खानदेशात इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे थोडे नाहीत. भुसावळची रेल्वे कॉलनी, नवापूरकडची चर्च, धुळे-जळगावचे ऑर्केस्ट्रा, विद्यापीठाच्या ‘युवारंग’मध्ये उतरणारी कॉलेजची मुलं. पण अस्सल वस्तू आणि तिची प्रतिकृती शेजारी शेजारी ठेवून वाजवता येईल असं दुकान इथं सहजासहजी सापडत नाही. खरेदी फोटोवर आणि फोनवर होते. बघायला जायचं तर मुंबई किंवा पुणं. त्यामुळे पारख डोक्यात घेऊनच घरातून निघावं लागतं.

मुळात ही जपानी प्रतिकृती एवढी चांगली का झाली, ते आधी. गिब्सनची लेस पॉल १९५२ ची. तिचा सनबर्स्ट (मधे उजळ, कडेला गडद) रंगातला अवतार १९५८ ते १९६० या काळात सुमारे दीड हजारच निघाला आणि पुढे त्याचीच किंमत आभाळाला भिडली. १९६९ नंतर गिब्सन नॉर्लिन या कंपनीच्या हाती गेली. बॉडी थरांची झाली, नेक (बोटं जिच्यावर फिरतात ती लांब दांडी) एका तुकड्याऐवजी तीन तुकड्यांची झाली, वजन वाढलं. जपानी कारागिरांनी नक्कल केली ती चालू उत्पादनाची नव्हे, पन्नासच्या दशकातल्या गिटारीची. जुनी गिटार उघडून, मोजून, तिच्यासारखी जोडणी करून. म्हणून १९८० च्या आसपासची चांगली तोकाई किंवा ग्रेको (दुसरं जपानी नाव) ही त्याच वर्षीच्या अमेरिकन गिटारीपेक्षा मूळ आराखड्याच्या जास्त जवळ जाते. हे मी आवडीपोटी म्हणत नाही. पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग) काढून त्याखालची खाच बघितली की दिसतं.

१९७७ मध्ये नॉर्लिननं एल्गर या कंपनीवर अमेरिकेत दावा लावला. एल्गर ही आयबानेझ या जपानी नावाची तिथली वितरक. दावा हेडस्टॉकच्या आकाराचा होता, आवाजाचा किंवा दर्जाचा नव्हता, आणि १९७८ मध्ये तडजोडीनं मिटला. विक्रेते आज सत्तरच्या दशकातल्या कुठल्याही जपानी गिटारीला ‘लॉसूट’ म्हणून चार पैसे जास्त मागतात. तो दावा फक्त एका कंपनीवर होता. तुमच्यासमोरची गिटार आयबानेझ नसेल तर त्या शब्दाला शून्य किंमत द्यावी. शिवाय त्या सुरुवातीच्या काळातल्या बऱ्याच नकला स्क्रूनं नेक बसवलेल्या आणि प्लायवूडच्या होत्या. जुनी जपानी म्हणजे चांगलीच, असं नाही.

जपानी मॉडेलचा नंबर वाचता आला तर मोठी सोय होते. तोकाईच्या एलएस-८० चा अर्थ मूळ किंमत ८०,००० येन. एलएस-१२० म्हणजे १,२०,०००. ग्रेकोच्या ईजी-१००० मध्ये शंभरानं गुणायचं, म्हणजे १,००,००० येन. बर्नी या आणखी एका जपानी नावाच्या आरएलजी मालिकेतही आकडा किमतीवरूनच आला. एकाच वर्षातल्या, एकाच कारखान्यातल्या दोन गिटारी बघताना हा आकडा दर्जाची पायरी सरळ सांगतो: खालच्या नंबरात वरचं मेपल अनेक तुकड्यांचं किंवा पातळ पापुद्र्याचं, वरच्या नंबरात दोन तुकड्यांचं भरीव. पण वेगवेगळ्या दशकांतले आकडे एकमेकांशी ताडून बघू नयेत; येनची किंमत बदलली. आणि तोकाईच्या नंबरापुढे ‘ए’ असेल, म्हणजे एएलएस, तर ती जपानबाहेर आशियात बनलेली. ती वाईट नसते, पण जपानीच्या भावात घ्यायची नसते. फोनवर हा ‘ए’ गळून पडतो, तेव्हा नंबर तोंडी न ऐकता फोटोत वाचावा.

आता गिटार समोर आहे असं धरू. बहुतेक लोक अ‍ॅम्प लावून वाजवायला बसतात. मी म्हणेन, वायर नंतर. आधी जे दुरुस्त होत नाही ते बघावं.

सर्वांत आधी नेकचा कोन. लेस पॉलच्या घाटात नेक बॉडीला चिकटवलेली असते आणि थोडी मागे झुकलेली असते. तारा सुरात लावून बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) उंची मोजायची: जाड तारेखाली सुमारे २ मिमी, पातळ तारेखाली १.२ मिमी ही वाजवायला सुखाची उंची. एवढी उंची आल्यावर ब्रिज (बॉडीवरचा तारांचा आधार) कुठं आहे ते बघा. ब्रिज बॉडीला जवळजवळ टेकला असेल आणि तरी तारा उंच असतील, तर कोन कमी पडला आहे. ब्रिज खांबांवर उंच चढलेला असेल तर कोन जास्त झाला आहे. पहिला दोष जीवघेणा, कारण खाली जायला जागाच उरत नाही. नेक काढून पुन्हा बसवणं हे काम मुंबईतही मोजक्या हातांना जमतं आणि मधल्या दर्जाच्या प्रतिकृतीवर तो खर्च करण्यात अर्थ नसतो. विक्रेता म्हणेल, ‘ट्रस रॉड फिरवला की झालं.’ ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, नेकचा बाक सरळ करतो. बॉडीशी असलेला कोन त्यानं बदलत नाही.

मग नेकचा पीळ. बॉडीच्या टोकाकडून, बंदुकीचा नेम धरावा तशी नजर लावून, नटची (नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची) रेघ आणि शेवटच्या फ्रेटची रेघ समांतर आहेत का बघायचं. बाक असेल तर चालतो, पीळ चालत नाही.

तिसरं हेडस्टॉक. गिब्सनच्या घाटात ते १७ अंश मागे झुकलेलं असतं, महोगनीचे धागे तिथं आडवे तुटतात आणि ट्रस रॉड घट्ट करायच्या चाकीसाठी नेमकं तिथंच लाकूड खणलेलं असतं. उभ्या गिटारीला धक्का लागून ती उताणी पडली की पहिली भेग इथं जाते. नटच्या मागं टॉर्च तिरकी धरून बोटाचं नख फिरवावं. वार्निशमध्ये उंचवटा लागला, रंगाची छटा अचानक गडद झाली, किंवा फक्त तेवढ्याच भागाला वेगळी चकाकी दिसली, तर विचारायचं. नीट चिकटवलेली भेग पुढं वर्षानुवर्षं टिकते आणि वाजवणाऱ्याला काही जाणवत नाही. किंमत मात्र साधारण निम्म्यावर येते. स्वतःसाठी घेणाऱ्यानं अशी गिटार जरूर घ्यावी, पुढं विकायच्या हिशेबानं घेऊ नये.

चौथं, मापपट्टी. नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोजून दुप्पट करायचं. फेंडर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या घाटात ३२४ मिमी, म्हणजे दुप्पट ६४८. गिब्सनच्या घाटात ३१२ ते ३१४. पीआरएस या आणखी एका अमेरिकन कंपनीच्या घाटात ३१७.५. माप चुकीचं आलं तर बनवणाऱ्यानं नुसता बाह्याकार उचलला आहे, आतला आराखडा नाही. माप बरोबर आहे, पण ब्रिजवरचे सॅडल (तारा टेकणारे सरकते तुकडे) मागच्या टोकाला नेऊनही बाराव्या फ्रेटचा सूर चढाच येतो, तर ब्रिजची भोकंच पुढे पडली आहेत. खाली भोकं बुजवून पुन्हा पाडावी लागतात आणि वरून रंग जातो.

एवढं पार पडल्यावर लाकूड. मेपलच्या वाघपट्ट्या खऱ्या असतील तर गिटार उजेडात हलवली की पट्ट्या जागा बदलतात. उजळ पट्टी गडद होते, गडद उजळ. छापील फोटोवाली स्थिर राहते. पातळ पापुद्राही हलतो, म्हणून तेवढ्यावर थांबू नये. पिकअपच्या रिंगचे चार स्क्रू काढून खाचेची भिंत बघा. वर मेपलचा फिका थर आणि खाली महोगनीचा तांबूस थर अशी रेघ स्पष्ट दिसली पाहिजे. गळ्याकडच्या पिकअपच्या खाचेत आणखी एक गोष्ट दिसते. जुन्या गिब्सनमध्ये नेकचा सांधा लांब असे, त्याचं टोक थेट त्या खाचेत डोकावतं. जपानी गिटारींच्या वरच्या मॉडेलमध्ये तो लांब सांधा सापडतो, खालच्यात बहुधा नाही. त्यानं आवाज किती बदलतो यावर वाद घालणारे घालोत; कारागिरानं मेहनत घेतली की नाही, याचा तो पुरावा आहे एवढं नक्की.

फ्रेटची झीज बघताना पहिले तीन फ्रेट आणि पातळ तारांखालची जागा बघावी, कारण खाचा तिथं आधी पडतात. मध्यम जाडीच्या नव्या फ्रेटची उंची १.२ मिमीच्या आसपास असते. ती ०.८ च्या खाली गेली असेल तर फ्रेट बदलण्याचा खर्च किमतीतून आत्ताच वजा करायचा. बाइंडिंग (कडेला चिकटवलेली पट्टी) असलेल्या नेकवर हे काम जास्त वेळ खातं. खानदेशात हार्मोनियम आणि बॅन्डची वाद्यं दुरुस्त करणारे चांगले हात आहेत, पण फ्रेट घासून समपातळीत आणायला सरळ लोखंडी बीम आणि फ्रेटला गोलाई देणारी कानस लागते. ती ज्याच्याकडे नाही त्याच्या हाती नेक देऊ नये.

विजेच्या भागासाठी साधा मल्टिमीटर पुरतो, गिटार उघडावीही लागत नाही. केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण वाढवा, केबलच्या दुसऱ्या टोकाला टिप आणि बाहेरची नळी यांवर मीटरची टोकं धरा. पन्नासच्या दशकाच्या धाटणीचा हंबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप) ७.५ ते ८.५ किलोओहम दाखवतो, फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर ऊर्फ स्ट्रॅटचा सिंगल कॉइल (एका गुंडाळीचा) ५.५ ते ६.५. ५०० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट (नॉबखालचा कमीजास्त होणारा रोध) समांतर असल्यामुळे आकडा किंचित कमी येतो. ८ चा पिकअप ७.८७ दाखवेल. स्विच मधे ठेवला तर दोन्ही पिकअप समांतर येऊन आकडा निम्म्याजवळ यायला हवा. तसं झालं नाही तर एक पिकअप मेला आहे किंवा वायरिंग बदललेलं आहे.

इथं खानदेशी उन्हाळ्याची एक बाब लक्षात ठेवण्याजोगी. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना ८ किलोओहम असलेला पिकअप मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत ८.७ दाखवतो आणि डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना ७.७५. म्हणजे एकच पिकअप दोन ऋतूंत जवळजवळ एका किलोओहमनं वेगळा. मुंबईच्या विक्रेत्यानं एसी खोलीत ८ लिहून दिलं आणि भुसावळला ८.७ आलं, म्हणून पिकअप बदलला असं समजून भांडू नये. आणि आकड्यावरून आवाज ठरवू तर मुळीच नये. चुंबक कोणता, तारेचे वेढे किती घट्ट, हे मीटर सांगत नाही.

स्ट्रॅटच्या घाटाचं थोडक्यात सांगतो, कारण ती गिटार सोपी आहे. नेक स्क्रूनं बसते, त्यामुळे कोन बिघडला तर पातळ पाचर घालून सुधारता येतो. बॉडीची जाडी ४४-४५ मिमी हवी. स्वस्त नकला ४० च्या आसपास असतात आणि मग ट्रेमोलोचा (दांडी हलवून सूर लववणाऱ्या ब्रिजचा) ठोकळाही आखूड बसवतात. मागचं झाकण काढून ठोकळ्याला छोटं चुंबक लावा. चिकटलं तर पोलाद, नाही चिकटलं आणि धातू राखाडी असेल तर जस्ताचा ओतीव. ब्रिजवर बाहेरच्या दोन तारांतलं अंतर जुन्या धाटणीत ५६ मिमीच्या थोडं वर, आशियाई धाटणीत बहुधा ५२.५. ब्रिज बदलायचा विचार असेल तर हे अंतर आधी मोजा, नाहीतर भोकं जुळत नाहीत. तोकाईची ‘स्प्रिंगी साउंड’ मालिका या घाटातली मानाची. फेंडरनं १९८२ मध्ये फेंडर जपान उभी केली, त्यामागं अशा जपानी प्रतिकृतींचा दबाव होताच.

बनावट ओळखायची लक्षणं वेगळी. गिब्सनच्या ट्रस रॉडवरचं घंटेच्या आकाराचं झाकण दोन स्क्रूंचं असतं. तीन स्क्रू दिसले की सावध व्हावं. झाकणाखाली पितळी षटकोनी नट असतो, त्याला ५/१६ इंची पाना लागतो. तिथं अ‍ॅलन की घालायचं भोक असेल तर संपलं. ब्रिजचे खांब जाडजूड आणि डोक्यावर स्क्रूड्रायव्हरची मोठी खाच असलेले, हे दुसरं. हेडस्टॉकच्या मागं किंवा नेकच्या कडेला तिरका सांधा दिसला, हे तिसरं. गिब्सन नेक आणि हेडस्टॉक एकाच लाकडातून काढते, फक्त कडेचे पंख जोडते. (तिरका सांधा मजबुतीला उलट चांगला. दुसऱ्याच्या नावाखाली असेल तरच तो चोर पकडून देतो.) चौथं, नेकजवळ बॉडीला घेतलेल्या आतल्या कापाची कड: अमेरिकन गिटारीत तिथं बाइंडिंग बारीक राहतं आणि खाली मेपलची फिकी रेघ उघडी दिसते, नकलेत बहुधा बाइंडिंगच रुंद करून ती रेघ झाकलेली असते.

सीरियल नंबरवर फार विसंबू नका. १९७७ पासून २००५ पर्यंत नेहमीच्या गिब्सनवर आठ आकडे ठोकलेले असतात. पहिला आणि पाचवा मिळून वर्ष, दुसरा-तिसरा-चौथा मिळून वर्षातला दिवस. ८२०२६५०५ म्हणजे १९८६ चा २०२ वा दिवस, २१ जुलै. मधला आकडा ३६६ च्या वर असेल तर नंबर खोटा. पण नंबर जुळला म्हणून गिटार खरी ठरत नाही, कारण बनावट करणारे खऱ्या गिटारीचाच नंबर शेकडो गिटारींवर ठोकतात. गिब्सनच्या कस्टम शॉप या खास विभागाच्या नंबरांची पद्धत आणखी वेगळी. पॉटच्या पाठीवरचा आकडा जास्त बोलतो: १३७७९२३ असं असेल तर १३७ हा सीटीएस या पॉट बनवणाऱ्या कंपनीचा संकेत, ७९ वर्ष, २३ आठवडा. पॉट गिटारीपेक्षा नवे असतील तर ते बदललेले आहेत.

कायद्याचं म्हणाल तर घाटाला आणि नावाला वेगळा न्याय मिळाला आहे. फेंडरनं स्ट्रॅट आणि टेली (टेलिकास्टर) या आपल्या गिटारींच्या बॉडीचा आकार अमेरिकेत ट्रेडमार्क म्हणून मागितला, तो २००९ मध्ये नाकारला गेला. गिब्सननं पीआरएसच्या ‘सिंगलकट’ या मॉडेलविरुद्ध मिळवलेली मनाई २००५ मध्ये अपिलात उडाली. नावाचं तसं नाही. भारताच्या १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यात खोटं चिन्ह लावणं कलम १०३ खाली आणि तसा माल विकणं कलम १०४ खाली गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. विकण्यासाठी परदेशातून बनावट मागवली तर २००७ च्या नियमांखाली कस्टम ती अडवू शकतं, आणि मग ना गिटार ना पैसे. चांगल्या तोकाईचं नाव खरवडून तिथं गिब्सनचं स्टिकर लावणारे लोकही आहेत. मला याची मनापासून चीड येते. ज्या कारागिरानं ती घडवली त्याचं नाव पुसलं जातं, जाणकार गिऱ्हाईक हात लावत नाही, आणि मालक गुन्ह्यात सापडतो तो वेगळाच.

रीतसर मागवताना ड्यूटी वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते आणि त्यावर पुन्हा जीएसटी. दर मागवायच्या दिवशीच बघावा. शिसवी फिंगरबोर्डचं (फ्रेट बसवलेल्या नेकवरच्या फळीचं) जुनं भय आता धरू नये: २०१७ च्या जानेवारीपासून शिसमाच्या सगळ्या जातींवर सायटीस या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची बंधनं आली होती, पण तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसमाला मात्र ती नाही; तो १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे. विक्रेता ‘ब्राझिलियन रोझवूड’ म्हणून फुशारकी मारत असेल तर परवाना विचारा. गंमत अशी की जगभरच्या कितीतरी गिटारींवर जे ‘इंडियन रोझवूड’ असतं ते आपलंच शिसम.

तुलना करायची तर न्यायानं करावी. दोन्ही गिटारींना एकाच जाडीच्या, एकाच दिवशी लावलेल्या तारा. १०-४६ चा संच पुरे. पिकअपची उंची सारखी: शेवटच्या फ्रेटवर तार दाबून गळ्याकडचा २.४ मिमी, ब्रिजकडचा १.६ मिमी. अ‍ॅम्पचे नॉब हलवायचे नाहीत. एकीचा पिकअप जास्त जोरकस असेल तर व्हॉल्यूम उतरवून दोन्ही सारख्या मोठ्यानं ऐकू येतील असं करायचं, कारण कानाला मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो आणि निम्मी मतं तिथंच चुकतात. वाजवणारा एक, ऐकणारा पाठ करून बसलेला. आधी स्वच्छ आवाजात, मग थोड्या फाटलेल्या आवाजात. पूर्ण डिस्टॉर्शनमध्ये दोन लाखांची आणि वीस हजारांची ओळखणं कठीण जातं. मंडपात किंवा गच्चीवर तुलना करू नका. अर्थिंग नीट नसेल तर सिंगल कॉइलची गुणगुण सगळं झाकते. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर गिटारीचं वायरिंग ठीक. झिणझिण्या आल्या तर गिटार खाली ठेवून आधी बोर्डाचं अर्थिंग तपासा, तारा थेट अर्थला जोडलेल्या असतात.

अशा तुलनेत मला पुन्हा पुन्हा दिसतं ते असं: चांगल्या जपानी प्रतिकृतीचं लाकूड आणि फ्रेटचं काम अस्सलच्या बरोबरीला येतं, कमी पडतात ते पिकअप, पॉट आणि नट. म्हणून सुधारणा करायची तर क्रम उलटा धरावा. आधी हाडाचा नट, कारण सूर उतरायचं कारण बहुधा नटच्या अडकणाऱ्या खाचा असतात, खुंट्या नसतात. मग पॉट आणि स्विच. पिकअप सगळ्यात शेवटी, आणि आधीचे पिकअप एक महिना वाजवल्यावरच. मापांची अडचण इथं येते: जपानी टेलपीसचे (ब्रिजमागे तारा अडकवायच्या पट्टीचे) खांब मेट्रिक आठ मिमीच्या आट्याचे, अमेरिकन ५/१६ इंची, दिसायला सारखे, पण एकमेकांत दोन फेऱ्या जाऊन अडकतात आणि जोर केला तर आटे मरतात. पॉटच्या दांड्याचे दातेही वेगळे, अमेरिकन नॉब जपानी दांड्यावर सैल बसतो. बॉडीतलं भोक मोठं करू नका. काढलेला प्रत्येक भाग नावासकट पिशवीत ठेवा; सुधारणांचे पैसे विकताना परत मिळत नाहीत, मूळ भागांचे मिळतात.

आपल्या हवेबद्दल कंपनीच्या पुस्तिकेत काही नसतं. ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत बनलेली गिटार मे महिन्यात जळगावला आली की फिंगरबोर्ड आडवा आकसतो, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, आणि त्यांची टोकं कडेला तळहाताला टोचायला लागतात. घाईनं कानस घेऊ नका. पावसाळ्यात लाकूड पुन्हा भरतं, ज्या टोकांचं टोचणं दिवाळीपर्यंतही राहील तेवढीच घासावीत. त्याहून मोठा शत्रू कूलर. दिवसभर कोरड्या खोलीत वाळलेली गिटार रात्री कूलरच्या झोतात ओली होते, सकाळी पुन्हा वाळते. रोजच्या या हेलकाव्यानं नेकचा बाक फिरत राहतो, स्क्रू आणि पिकअपच्या खिळ्यांना गंज चढतो. कूलरच्या खोलीत गिटार भिंतीवर टांगू नये. आतल्या खोलीत, कडक केसमध्ये, ४९ टक्क्यांचं आर्द्रतेचं पाकीट आणि छोटा हायग्रोमीटर ठेवून द्यावी. ऋतू बदलला की पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या फ्रेटपाशी तारेखालची फट मोजायची, ०.२५ मिमी हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेनं पाव फेरी, मग एक दिवस थांबायचं.

उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तापमान ६० च्या पलीकडे जातं आणि त्याच्या आसपासच पांढरा-पिवळा लाकडाचा गोंद मऊ पडायला लागतो. तारांचा ताण चालूच असतो. नेकचा सांधा सरकतो तो असा, आणि लोक दोष कारखान्याला देतात. नायट्रो (नायट्रोसेल्युलोजचं) वार्निश असलेली गिटार रबराच्या किंवा व्हिनाइलच्या पॅडवर ठेवली तर डाग पडून चिकट होते. स्टँडला सुती कापड गुंडाळावं.

विकताना जाहिरातीत पहिल्याच ओळीत बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल नंबर, देश आणि साधारण वर्ष लिहावं. ‘गिब्सनसारखी’, ‘ओरिजिनल क्वालिटी’ असलं काही नको. फोटो नैसर्गिक उजेडात: पुढून, मागून, हेडस्टॉक दोन्हीकडून, नटमागची जागा जवळून, पिकअप काढलेल्या खाचा, पॉटचे आकडे, पहिले पाच फ्रेट, आणि वजनकाट्यावर ठेवलेली गिटार. लेस पॉलच्या घाटात चार किलोच्या आसपास वजन लोकांना आवडतं, साडेचारच्या पुढं गिऱ्हाईक कचरतं. तरी आकडा लपवू नये, तो पहिल्याच भेटीत खांद्याला कळतो. काय बदललं, काय दुरुस्त केलं, ते पावतीवरही लिहून द्यावं, कारण पुढचा मालक ती आणखी कुणाला तरी विकणार आहे आणि खरी माहिती कागदावर असली तरच त्याच्यापर्यंत जाते. माझ्या मते खालचं-वरचं करायचं ते भावात करावं, वर्णनात नाही.

पाठवताना तारा दोन सूर उतरवायच्या, पूर्ण सोडायच्या नाहीत. हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंना केसमध्ये कापडाची घट्ट गुंडाळी, म्हणजे १७ अंशांचं ते टोक अधांतरी राहत नाही. वाहतुकीत मोडणाऱ्या बहुतेक गिटारी इथंच मोडतात. तारांखाली फ्रेटवर पातळ फोम. केस खोक्यात, खोक्याच्या दोन्ही टोकांना निदान पाच सेंटिमीटर भराव. केस बंद करण्याआधी आणि खोकं बांधल्यावर व्हिडिओ. रेल्वेनं स्वतः नेत असाल तर वरच्या बर्थवर सोबत ठेवा, खालच्या सीटखाली सरकवू नका. तिथं लोखंडी पेटी मागून येऊन आदळते. घेणाऱ्यानं खोकं उघडलं तरी केस लगेच उघडू नये, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत रात्रीच्या ट्रकनं आली असेल तर. थंड वार्निश गरम खोलीत एकदम उघडं पडलं की बारीक तडे जातात. निदान चार-पाच तास केस खोलीत तशीच पडू द्यावी, मग उघडून आधी नटमागची जागा टॉर्चनं बघावी, आणि तेव्हाच उरलेले पैसे पाठवावेत.